सगळ्यांनी घंटेपर्यंत लिहायचं

कुठल्याही शाळेत गेलं की नंदकुमारांना आधी चहा मिळायचा आणि मग आकडे. सांख्यिकी खात्यातली नोकरी मुदतीआधी सोडल्यापासून ते संस्थांच्या उपक्रमांचं मूल्यमापन करून देत. बांधलेली स्वच्छतागृहं वापरात आहेत का, वाटलेली पुस्तकं कुणी उघडतं का, असलं काम. अहवालात ते लिहीत, ‘असे आढळून आले’. कुणाला आढळलं ते त्या वाक्यात कुठेच नसतं, आणि नंदकुमारांना ते बरं वाटायचं.

सीवूड्सच्या सोसायटीत ते एकटे राहत. मेंटेनन्स वेळेवर भरणारे, लग्न न केलेले काका, एवढीच त्यांची तिथली ओळख. रविवारी कामोठ्याला बहिणीकडे, मीनाकडे, जेवायला जात. मीना पूर्वी स्थळं सुचवायची, मग थांबली, आणि का थांबली ते दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही. निशांत नावाचा एक मित्र होता. काही वर्षं दोघं नेरूळला एकत्र राहिले. लोकांना सांगायला, भाडं वाटून घेतो म्हणून. मग निशांतने पुण्यात लग्न केलं. दिवाळीला अजून त्याचा मेसेज येतो, सगळ्यांना एकच पाठवतात तसा.

त्यामुळे या वेळचं काम घ्यावं की नाही, याचा त्यांनी बराच विचार केला होता. करावे गावाच्या बाजूच्या एका शाळेत दोन वर्षं एका संस्थेचा उपक्रम चालू होता. बायकी चालतो म्हणून, मुलासारखी राहते म्हणून, भलत्यावरच जीव जडला म्हणून ज्या मुलांना छळतात, त्यांचा छळ थांबावा यासाठी. संस्थेच्या कागदांवर ‘एलजीबीटीक्यू’ असं लिहिलेलं होतं, शाळेच्या फलकावर नुसतं ‘मैत्री उपक्रम’. वर्गांत सत्रं व्हायची, भिंतींवर पोस्टर होती, आणि जिन्याखालच्या खोलीत दर शुक्रवारी श्रुती नावाची तरुण समुपदेशक बसायची. छळ कमी झालाय असं दिसलं, तर संस्था उपक्रम पुढे चालवणार होती. नाहीतर खोली बंद.

नंदकुमारांनी प्रश्नावली आधीच पाठवली होती. नाव न घालता प्रत्येकाने आपली आपण भरायची. ते शाळेत पोचले तेव्हा मुख्याध्यापिका मनाली मॅडमनी चहाबरोबर निकालच पुढे ठेवला.

“शून्य, सर! अख्ख्या नववीत एकालाही त्रास नाही. दोन वर्षांपूर्वी केवढ्या तक्रारी होत्या!”

“एकही नाही?”

“आता आमच्याकडे तशी मुलंच राहिली नाहीत म्हणा ना.”

नंदकुमारांनी वर्गशिक्षकांना गाठलं. रावसाहेब बीडकडचे, दिलदार आणि कायम घाईत.

“अहो, कशाला एवढा कागद नासायचा? मी म्हणलं, सहलीला विचारतो तसं विचारू. कुनाकुनाला चिडवतेत, हात वर करा. एक हात वर झाला न्हाई बगा! दोन मिनिटात काम खल्लास.”

“सगळ्या वर्गासमोर?”

“मग? लपवायचंय काय त्यात?”

त्यांच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. नंदकुमारांना वाटलं, असता तर भांडता तरी आलं असतं.

जिन्याखालच्या खोलीत श्रुतीने दार लोटून घेतलं. “सर, ते शून्य खोटं आहे, मला कळतं. पण त्या शून्यावरच ही खोली उभी आहे. मुलं इथं येऊन नुसती बसतात हो. एक मुलगी तर फक्त झोपायला येते. तुम्ही खरं लिहिलंत तर ती कुठे जातील?”

नंदकुमारांनी खोलीवर नजर फिरवली. खोलीत एक सतरंजी होती, टेबलफॅन होता, आणि वर जिन्यावरून धावणाऱ्या पायांचा आवाज. लहानपणी आपल्या महाडच्या शाळेत अशी खोली असती तर, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथेच सोडून दिलं.

संध्याकाळी घरी मात्र ते सुटेना. शून्य लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कोण विचारणार होतं? आणि मग आठवीचा वर्ग आठवला. एका भल्या शिक्षकांनी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. कुणी त्रास देत असेल तर लिहा, नाव घालू नका. सगळ्या वर्गाने ‘नाही’ लिहून पेनं खाली ठेवली. एकट्या नंदकुमारचं पेन चालू राहिलं. आधी शेजारचा वळला, मग पुढचा बाक, मग सगळा वर्ग. त्याने लिहिलेलं सगळं खोडलं आणि खाली ‘नाही’ लिहिलं. त्यानंतर मुलांना शिव्यासुद्धा द्याव्या लागल्या नाहीत. तो समोर आला की ती हवेत नुसतं पेन चालवून दाखवायची. दहावीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाली मॅडमकडे एक तास मागितला.

“पोर्शन राहिलाय, सर.”

“संस्था विचारेल, शून्य कसं मोजलंत. मग मला लिहावं लागेल, हात वर करून.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. तास मिळाला.

नंदकुमारांनी मुलांना परीक्षेसारखं लांब लांब बसवलं. प्रत्येकाला सारखा कागद, सारखं पेन. “नाव घालायचं नाही. आणि घंटा होईपर्यंत कुणाचंही पेन थांबायचं नाही. कुणी चिडवतं का, कसं, कुठे, ते लिहा. तसं काही नसेल तर काल डब्यात काय होतं ते लिहा. ते संपलं तर परवाचं.”

“सर, भेंडी चालेल?”

“चालेल.”

“सर, मी रोज वरदचा डबा खातो. त्याचं लिहू?”

“तरीच!” वरद मागून ओरडला. वर्ग खदाखदा हसला.

“आरं, मसाल्यासकट लिवा!” रावसाहेब दारातून म्हणाले आणि दुसऱ्या तासाला गेले.

मग कागदांवर पेनांची खरखर सुरू झाली. नंदकुमार फळ्याजवळ उभे होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान वर केली. “सर, तुम्ही नाही लिहीत? सगळ्यांनी म्हणालात ना?”

त्यांनी एक कागद घेतला आणि खुर्चीत बसले. पहिली ओळ अवघड गेली, मग पेन चालू लागलं. मध्ये एकदा त्यांनी घाबरून वर पाहिलं. कुणीही बघत नव्हतं. सगळी डोकी खाली होती.

नंतर जिन्याखाली बसून ते आणि त्या दिवशी मुद्दाम आलेली श्रुती कागद वाचत राहिले. भेंडी, मेथी, मॅगी, सुका जवळा, पुन्हा भेंडी. मधेच एखादा वेगळा. ‘व्हॅनमध्ये माझ्याशेजारी कुणी बसत नाही. बसावं लागलं तर उठताना हात पुसतात.’ आणखी एक तसाच. मग हा: ‘शुक्रवारी जिन्याखाली जाते म्हणून मला फ्रायडे म्हणतात. आधी घाण म्हणायचे. त्यापेक्षा फ्रायडे बरं. खोली बंद करू नका.’

श्रुतीने तो कागद पुन्हा वाचला. “शुक्रवार मीच ठरवला होता, सर. मला वाटलं, ठरलेला दिवस असला की मुलांना सोपं पडेल.”

उरलेले वाचण्याआधी तिने सगळे कागद मोजले. “एक जास्त येतोय.”

नंदकुमारांनी हात पुढे केला. “तो माझा.”

“काय लिहिलंत?”

“डब्यातलं.”

ते डबा आणत नाहीत, कोपऱ्यावर वडापाव खातात, हे तिने कालच पाहिलं होतं. तिने न वाचताच कागदाची घडी घातली आणि त्यांना दिली.

अहवालात त्यांनी सगळं लिहिलं. छळ थांबलेला नाही. काहींच्या बाबतीत उपक्रमानेच त्याला नवं नाव दिलं आहे. तरीही खोली हवी आहे. ती रोज उघडी ठेवावी, आत कॅरम ठेवावा, म्हणजे कोण कशासाठी आत गेलं ते बाहेर कळणार नाही. हात वर करून काहीही मोजू नये. एका जागी त्यांनी लिहिलं, ‘मला आढळले.’

संस्थेचं उत्तर आलं. खोली आणखी वर्षभर चालेल, कॅरम मंजूर, फक्त ‘मला’च्या जागी ‘असे’ करावे. नंदकुमारांनी ते केलं आणि पाठवून दिलं.

रविवारी मीनाने वाढता वाढता विचारलं, “काय केलंस रे आठवडाभर?”

“नववीचे कागद वाचले.”

“कसं लिहितात हल्लीची मुलं?”

“बरं लिहितात. थांबवलं नाही तर.”

मीना त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारेल असं वाटलं, पण ती उठून ओट्यापाशी गेली आणि एक डबा भरून घेऊन आली. “उद्याला होईल.”

“काय आहे?”

“भेंडी. का, नको?”

“असू दे,” नंदकुमार म्हणाले.

डबा कोमट होता. तो पिशवीत घालताना त्यांनी तळाशी पडलेला घडीचा कागद बाजूला सरकवला, तेल लागू नये म्हणून.