काचपेटीतलं तण

विहिरीतला मासा काचपेटीत सोडला की तो तळाशी जाईल, निदान मधल्या पाण्यात तरी फिरेल, अशी माझी समजूत होती. पण हे मासे खाली यायलाच तयार नव्हते. बोटभर लांब, कपाळावर चांदीच्या टिकलीएवढा ठिपका, आणि पाचही जण तोंडं पाण्याच्या वरच्या कडेला लावून कायम वर. खालचं वीतभर पाणी मी उगाच भरलं होतं.

माझ्या धाकट्या भावानं ते बोदवडजवळच्या आमच्या शेतातून लोणच्याच्या बरणीत घालून आणले होते, आबांसाठी. आबा म्हणजे आमचे वडील. पोळ्याच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखाना जळगावात, म्हणून तिथून सुटल्यावर ते माझ्याच घरी आले. लेकीच्या घरी पडून राहायचं याची त्यांना इतकी लाज, की चहासुद्धा मागत नसत. वाचा परत आली होती, पण उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असे, कुणाचा तरी उसना आणून ठेवल्यासारखा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आबांनी तो एकदाच पाहिला, "मी काय लहान पोरगं हाये?" म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "त्यांनी स्वतः मनावर घेतलं नाही, तर हात असाच राहील." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

मासे आले आणि आबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. काचपेटी ह्यांच्या ऑफिसातल्या बदली झालेल्या एका साहेबांची, आमच्याकडे रिकामीच पडून होती. ती मी कॉटच्या उजव्या अंगाला स्टुलावर ठेवली, कारण सगळं उजवीकडे ठेवा म्हणजे ते तिकडे वळतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उशीला टेकून आबा तासन्‌तास माशांकडे बघत. "आपल्या विहिरीतले जीव हायेत," म्हणाले. बस्स, माझ्या मनानं तिथंच खूणगाठ बांधली, की हे मासे जगले तर आबा उठतील, आणि मेले तर काही खरं नाही. असं समजण्यात शहाणपणा नव्हता हे मलाही कळत होतं. पण मन ऐकतंय कुठं?

एका सकाळी झाडताना कॉटखालून एक मासा निघाला. वाळून कडक झालेला. रात्रीतून उडी मारली होती त्यानं. मी तो पदराआड लपवून बाहेर नेला.

"एक कुठी गेला?" आबांनी विचारलं.

"असेल खाली बसलेला."

"हा मासा खाली बसत नाही, पोरी."

त्यानंतर मी काचपेटीवर पिठाची चाळण पालथी घातली. मासे तिच्यावर टपाटप नाकं आपटू लागले आणि आबा म्हणाले, "कोंडलं काहून त्याहीले?" चाळण काढली. मग दिवसभर स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळानं येऊन मी मासे मोजायची. हे म्हणाले, "तुला काळजी करायला सरकारनं नेमलंय का?" नेमलं असतं तर निदान रविवारची सुट्टी तरी मिळाली असती.

माशांना झाडं लागतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून स्टेशनाकडच्या मासेवाल्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी प्लास्टिकची झाडं पुढे केली. "वहिनी, हीच घ्या. मरत नाहीत." मला जिवंतच हवी होती. मग त्यानं रिबिनीसारख्या लांब पानांची चार रोपं दिली. ती मी वाळूत रोवली. तळाशी सुंदर बाग झाली आणि मासे वर, उघड्या पाण्यावर, तसेच बावरलेले. दारातून सायकल गेली तरी चारही जण एकदम उसळत. तळमजल्यावर पंखे लावले होते मी, आणि राहणारे सगळे गच्चीवर!

भाऊ शनिवारी आला तेव्हा त्याला विचारलं, "विहिरीत हे कुठे असतात रे?"

"पायऱ्यांच्या खाली, अक्का. जठी ते हिरवं तरंगते ना, त्याच्या आड."

इतकी साधी गोष्ट! राहणार वर, तर आडोसाही वरच हवा. दुसऱ्याच खेपेला त्यानं नाल्यातून पिशवीभर तरंगती झाडं आणली. मी ती सोडणार, तेवढ्यात मनात आलं, नाला कुणाच्या शेतावरून येतो? कपाशीच्या. आणि ह्या दिवसांत कपाशीवर काय असतं? फवारणी. भाऊ हसला, पण मी हटले नाही. झाडं बादलीत टाकली आणि कूलरच्या टाकीत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या भांडंभर आणून त्यात ओतल्या. संध्याकाळपर्यंत एकही अळी हलत नव्हती. ती बादली मी लांब नेऊन खड्ड्यात ओतली आणि वर माती लोटली.

पुढची झाडं त्यानं गावातल्या महादेवाच्या कुंडातून आणली. त्या कुंडाच्या वर कुणाचं शेत नाही. छोट्या कोबीसारखी, खाली मुळांची लांब झालर असलेली. ह्या खेपेला अळ्या दोन दिवस मजेत राहिल्या. मग झाडं काचपेटीत सोडली आणि मासे झालरीत शिरून असे स्थिर झाले, की मला रडूच आलं. उड्या थांबल्या. मी पहिल्यांदा दुपारी डोळा लावला.

पण सुख मानवतं कुठं? झाडांना पिल्लं फुटली. बघता बघता पाणी झाकलं गेलं, मासे दिसेनासे झाले आणि आबांच्या कपाळावर आठ्या आल्या.

"तण माजलं," ते म्हणाले.

"आबा, तण नाही ते. सावली आहे त्यांची."

"पन्नास वर्सं वावर निंदलं मी. मले तण शिकवू राह्यली? काढ ते."

मी काढलं नाही. काढलं तर मासे उडणार, ठेवलं तर आबा रुसणार. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. जेवणही कमी झालं. ज्या झाडांसाठी एवढा जीव काढला, त्यांच्याचमुळे आबा हातचे जातात की काय, अशी भीती मनात बसली. उद्या थोडी विरळ करू, असं ठरवून मी दुपारी गिरणीवर दळण आणायला गेले.

परत आले तर काचपेटीत लख्ख उघडं पाणी. झाडं सगळी कॉटच्या कडेला ढीग करून ठेवलेली, आणि तीही मुळं वर करून, शेतात तण पुन्हा जीव धरू नये म्हणून ठेवतात तशी. चादर भिजून चिंब. मी डबा तिथंच टाकला आणि गुडघ्यावर बसून कॉटखाली हात घालून मासे शोधू लागले. "काय केलं हो आबा! मेले असतील सगळे! एवढं सांगून..."

"हायेत," आबा म्हणाले. "चारी हायेत. पाह्य ना."

मी उठून पाहिलं. कोपऱ्यात एकच झाड ठेवलेलं होतं आणि त्याच्याखाली चौघेही होते.

"एक ठेवलं," ते म्हणाले. "त्याहीले सावली नको का?"

मी कपाळाला हात लावला. मग माझं लक्ष त्यांच्या बाहीकडे गेलं. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. बोटांच्या बेचक्यात मुळाचा एक धागा अडकला होता.

"आबा," मी विचारलं, "कोणत्या हातानं काढलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, पोरगी इतकी कशी बावळट निघाली. "डावा तिथलोक पुरते काय?"

आणि मग त्यांनीही तो हात पाहिला. बराच वेळ पाहत राहिले. त्यांची हनुवटी हलू लागली तसं मी तोंड फिरवलं, कारण माझी तर केव्हाच हलत होती.

मी ढिगातली झाडं एकेक उचलली, बादलीत धुतली आणि पुन्हा काचपेटीत सोडायला लागले.

"आता हे काय करू राह्यली?" आबा ओरडले. "आत्ता तर निंदलं मी!"

"उद्या निंदायला लागेल ना," मी म्हटलं.