ओंडक्यावरचं मीठ

आमच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात तुटक्या मालाचा ढीग असतो. फाटलेली कोंबडीखाद्याची पोती, टवका उडालेल्या बादल्या, जोडीदार हरवलेला एक गमबूट. तो ढीग कुणी रचत नाही, आपोआप होतो. गेरिटच्या हरणांचे किस्से माझ्याकडे असेच साठले. माझ्या वहीत डाव्या पानावर मी रोज नव्याने शिकलेले डच शब्द लिहिते आणि उजव्या पानावर दिवसभरात काय झालं ते. गेल्या हिवाळ्यात डावी पानं बरीचशी कोरी राहिली.

दुकान नेदरलँड्समधल्या एनस्खेडे शहरापासून सायकलने पस्तीस मिनिटांवरच्या एका खेड्यात आहे. शेतकऱ्यांना आणि घोडेवाल्यांना लागणारं सगळं तिथे मिळतं. नवऱ्याच्या, म्हणजे राजेशच्या, व्हिसावर डिपेन्डन्ट म्हणून आलेली मी, पुण्यात बँकेत होते. इथे चार वर्षांपासून जनावरांच्या खाद्याच्या काउंटरला आहे. आई फोनवर अजून विचारते, "अगं, पण बँक कुठली?"

*

चाटण्याचा मिठाचा दगड विकताना आम्हाला गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारावाच लागतो: कुठल्या जनावरासाठी? काही दगडांत तांबं असतं आणि ते मेंढ्यांना बाधतं.

ऑक्टोबरात एक उंच, वाकलेला म्हातारा आला. हिरवा कोट, खिशात कुत्र्याची शिट्टी. पांढरा दगड काउंटरवर ठेवून उभा राहिला.

मी विचारलं, "कुठल्या जनावरासाठी?"

"जी माझी नाहीत त्यांच्यासाठी."

"म्हणजे शेजाऱ्याची?"

"शेजाऱ्याचीही नाहीत. हरणं आहेत."

हा गेरिट. गावाबाहेरच्या एका रानात शिकारीचा हक्क त्याच्याकडे तीस वर्षांपासून होता. रान एका बाईंच्या मालकीचं. रानाच्या कडेने मोठा रस्ता जातो आणि थंडीत बर्फ धरू नये म्हणून त्यावर मीठ टाकतात. ते चाटायला हरणं रस्त्यावर येतात. आदल्या हिवाळ्यात दोन हरणं गाड्यांखाली गेली होती. बाईंनी गेरिटला सांगितलं होतं की यंदा आणखी एक गेलं, तर मार्चमध्ये करार संपेल तेव्हा रान दुसऱ्या शिकाऱ्याला देईन. हरणांना रस्त्यापेक्षा रानातलं मीठ गोड लागलं पाहिजे, एवढंच गेरिटचं काम होतं.

"एक दगड पुरेल?" मी विचारलं.

"हरणांना पुरेल," तो म्हणाला. "बाईंना पुरेल का, ते माहीत नाही."

*

घरी मी हे सांगितलं आणि तिथे चुकले. रविवारी आमच्याकडे पोह्याला मिलिंद होता. तो इथल्या युनिव्हर्सिटीत सेन्सरवर संशोधन करतो. मराठी माणसाला दुसऱ्याची अडचण सांगितली की तो आधी सल्ला देतो आणि मग अडचण काय आहे ते विचारतो. पुढच्या रविवारी गेरिटच आमच्या सोफ्यावर होता. ताठ बसलेला, बूट दाराशी, मोज्याला भोक.

मिलिंद शाकाहारी. त्याने आधी तेच काढलं. "मीठ दाखवून बोलवायचं आणि मग गोळी घालायची, असं आहे का हे? तसं असेल तर मी नाही."

गेरिटने पोह्यांतला शेंगदाणा नीट बघून खाल्ला. मग म्हणाला, "तू ज्याला जेवायला बोलावतोस, त्याला जिन्यात मारतोस का?"

मिलिंदने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "कॅमेरे माझ्याकडे आहेत."

राजेशने लगेच लॅपटॉप उघडला. तीन जागा, तीन ओंडके, तीन दगड: साधा पांढरा, खनिजांचा लाल आणि मळी घातलेला तपकिरी. प्रत्येकावर एक कॅमेरा. तीन आठवड्यांनी निकाल.

गेरिटने मला हळूच विचारलं, "हा नाश्ता आहे की जेवण?"

"मीटिंग आहे," मी म्हटलं.

*

तीन आठवड्यांनी निकाल लागला. मिलिंदने तो टीव्हीवर लावला. पांढरा दगड: हरणं शून्य. लाल दगड: शून्य. तपकिरी दगड: शून्य, आणि एक खार.

त्याखाली आणखी एक ओळ होती. गेरिट: एकोणचाळीस.

रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी गेरिट जाऊन बघत होता, आली का, आली का. वाकून दगड हुंगणारा गेरिट, दगडाला हात लावणारा गेरिट, कुत्र्यासह गेरिट. एका फोटोत तो थेट कॅमेऱ्यात बघत होता, पासपोर्टला बसतात तसा.

मी म्हटलं, "गेरिट, हरणांना मीठ आवडत नाही असं नाही. त्यांना तुमचा वास आवडत नाही."

दोन आठवडे रानात जायचं नाही, असं त्याने कबूल केलं आणि पाळलंही. ते दोन आठवडे तो आमच्या दुकानात बसायचा. मालक हेर्मान तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "वृषाली, हरणं येऊ देत लवकर. गिऱ्हाइकांनाही वास येतोय."

*

तेव्हा सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एकादशीला मी कामावरून आले तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर तयार. खिचडी फार सुरेख झाली होती. मी तसं म्हटलं.

"होणारच," सासूबाई म्हणाल्या. "इतकं चांगलं सैंधव घरात असून तू ते गॅलरीत टाकलंस. मी खलबत्त्यात कुटून घेतलं."

माझा घास तिथेच थांबला. गॅलरीत दुकानातला एक फुटका गुलाबी दगड होता. मी तो गेरिटसाठी आणला होता.

"आई, ते जनावरांचं मीठ आहे. घोड्यांना चाटायला बांधतात."

सासूबाईंनी पानाकडे बघितलं. राजेशने चमचा खाली ठेवला. मी वेष्टन शोधून आणलं आणि वाचलं. निव्वळ खाणीतलं मीठ, दुसरं काही नाही. त्यांच्या जिवाला धोका नाही, हे मी दोनदा सांगितलं.

"ते असू दे गं," त्या म्हणाल्या. "घोड्याने आधी चाटलं होतं का?"

"नाही. नवंच होतं."

"मग उपास मोडला नाही." त्यांनी परत वाढून घेतलं. खाताखाता म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला हेच द्या. तुमचं ते पांढरं मीठ इथल्या हरणांना तरी कसं आवडावं."

उरलेला गुलाबी दगड मी गेरिटला दिला. त्याचा एक कोपरा कुटलेला का आहे, असं त्याने विचारलं. "ट्रायल घेतली," मी म्हटलं.

*

डिसेंबरात पहिलं हरीण आलं. मग तीन. मग पाच. ही लहान चणीची, तपकिरी हरणं, उंचीला आपल्या शेळीएवढी. मिलिंदने फोटो बघितले आणि त्याचा चेहरा पडला.

"कुणी दगडाला तोंडच लावत नाहीये. सगळी खालचा ओंडका चाटतायत. प्रॉडक्ट फेल आहे."

गेरिट इतका हसला की कुत्रं उठून बसलं. दगड ओंडक्याच्या माथ्यावर ठेवतात तेच मुळी त्यासाठी, त्याने सांगितलं. पाऊस पडतो, मीठ विरघळून लाकडात उतरतं आणि हरणं लाकूड चाटतात. दगड फक्त वर बसून असतो.

"आमच्या ऑफिसात त्याला मॅनेजर म्हणतात," राजेश म्हणाला.

हरणं कशामुळे आली यावर मात्र आजतागायत एकमत नाही. मिलिंद म्हणतो जागा बरोबर निवडली. राजेश म्हणतो डेटामुळे. सासूबाई पुण्याला पोचल्यावर फोनवर म्हणाल्या, "सैंधव." हेर्मान म्हणतो, दोन आठवडे गेरिटला मी सांभाळलं म्हणून.

*

पण रस्त्यावर मीठ पडायचंच होतं. पहिल्या कडक थंडीच्या दुपारी मीठ टाकणारी नारिंगी गाडी आली आणि गेरिट हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मी सायकलवरून दुकानातून परत येत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"रानापुरतं टाकू नकोस," गेरिट म्हणाला. "एवढा तुकडा सोड."

"लोक घसरतील," ड्रायव्हर म्हणाला.

"लोकांसाठी पाटी लावता येते. हरणांना वाचता येत नाही."

"तुम्ही सकाळी या रस्त्याने गाडी चालवलेली दिसत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "इथे लोकांनाही वाचता येत नाही."

गेरिटने थोडा विचार केला आणि बाजूला झाला. ड्रायव्हरने मीठ टाकलं. जाताना खिडकीतून एक मूठ मीठ गेरिटच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "हे त्यांना आत नेऊन द्या."

*

जानेवारीत राजेशची ॲमस्टरडॅमजवळ हूफडॉर्पला मीटिंग होती. भल्या सकाळी निघाला आणि रानाजवळ करकचून ब्रेक मारला. बोनेटपासून हातभर अंतरावर एक हरिणी. तिने त्याच्याकडे बघितलं आणि सावकाश पलीकडे गेली.

त्याने गाडी कडेला घेऊन आधी मला नाही, गेरिटला फोन लावला. हे मला नंतर कळलं. ते आमचं आम्ही बोललो.

"गेरिट, आत्ता एक हरीण गाडीखाली येता येता वाचलं."

"कसं आहे ते?"

"ठीक आहे. गेलं पलीकडे. मीही ठीक आहे."

"तुझा आवाज येतोय," गेरिट म्हणाला. "तुझं कळलं मला."

 मार्चला अजून दोन महिने होते.

मिलिंदने रस्त्याकडे तोंड करून आणखी एक कॅमेरा लावला. महिनाभरात एक गोष्ट दिसली. हरणं रानात येत होती, ओंडका चाटत होती, पोटभर चाटून झालं की एका रांगेत रस्ता ओलांडून पलीकडे जात होती. रस्त्यावर मीठ असो वा नसो. रोज एकाच जागी, सकाळी आठच्या सुमाराला. रस्ता चाटायला थांबतही नव्हती.

"आपल्याकडे जेवण झाल्यावर पान खायला कोपऱ्यावर जातात ना, तसं दिसतंय," मिलिंद म्हणाला.

"पलीकडे काय आहे?" राजेशने विचारलं.

"झाडांची कडा," गेरिट म्हणाला. "आणि तिच्यामागे बाईंचं घर."

*

मार्चमध्ये बाईंनी गेरिटला बोलावलं. सकाळी आठ वाजता, करार घेऊन. त्या हिवाळ्यात एकही हरीण गाडीखाली गेलं नव्हतं, पण कधीतरी जाणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. गेरिट मला म्हणाला, "तू चल. फोटो तूच दाखव. माझं बोट एका वेळी तीन बटणं दाबतं."

त्याने नवा शर्ट घातला होता. घड्या तशाच होत्या.

बाई सत्तरीच्या, पाठ सरळ, कानांत मोत्यांच्या कुड्या. आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. कॉफी आली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, प्रत्येकाने एक घेतलं, डब्याला झाकण लागलं. ही इथली रीत, मी आता तिला बुजत नाही. बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या.

"यंदा एकही मेलं नाही, हे मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण रोज सकाळी मला इथे ब्रेकचे आवाज येतात, गेरिट. तुझी हरणं तुझ्या रानात का राहत नाहीत? तीस वर्षांत तुला एवढं जमू नये? दुसऱ्या एका माणसाने मला पत्र पाठवलंय. तरुण आहे. त्याच्याकडे योजना आहे."

गेरिट कपाकडे बघत राहिला. मी लॅपटॉप पिशवीतून काढला आणि उघडणार, तेवढ्यात वर बघितलं.

बाईंच्या मागे खिडकी होती. खिडकीबाहेर हिरवळ. हिरवळीच्या मधोमध सफरचंदाच्या झाडाचा कापलेला बुंधा, आणि बुंध्याच्या माथ्यावर मिठाचा पांढरा दगड, चांगला मोठा. खालचं लाकूड चाटून चाटून हाडासारखं गुळगुळीत झालं होतं. हे एका महिन्याचं काम नव्हतं, एका वर्षाचंही नव्हतं. कुंपणातल्या फटीतून पहिलं हरीण आत आलं. त्याच्यामागे दुसरं. मग आणखी तीन. सगळी बुंध्याभोवती उभी राहिली आणि चाटायला लागली.

बाई बोलायच्या थांबल्या. आमचे डोळे कुठे आहेत ते त्यांनी बघितलं. मागे वळल्या नाहीत.

भिंतीवरचं घड्याळ आठ वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

मी लॅपटॉप परत पिशवीत ठेवला. गेरिटने कॉफीचा एक घोट घेतला, कप बशीत आवाज न करता ठेवला.

बाईंनी करार पुढे ओढला. पेनचं टोपण काढलं. "सहा वर्षं?" त्यांनी विचारलं.

"बारा," गेरिट म्हणाला.

बाईंनी बारा लिहिलं. सही केली, कागद त्याच्याकडे सरकवला. मग बिस्किटांचा डबा परत उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि झाकण लावलंच नाही.