दाजींनी मारलेली एकच किक

आमच्या दाजींवर एकदाही रागावला नाही असा माणूस त्या काळच्या सोलापुरात शोधून सापडला नसता. टांगेवाले त्यांच्यावर रागावत, मालधक्क्यावरचा साहेब रागावे, समोरच्या घरातला गरीब तंबाखूवाला सुद्धा रागावे, आणि माझी थोरली बहीण, आमची आक्का, या गृहस्थांशी लग्न झाल्यापासून जी रागावली होती ती हळदीकुंकवाला आलेल्या बायकांशीही दात आवळूनच बोलायची. माझं म्हणाल तर हे लिहितानाही माझं डोकं तापलं आहे. माणूस वाईट असता तर त्याचं नाव टाकून मोकळा झालो असतो. पण दाजी देवमाणूस होते, आणि देवमाणसावर रागावणं हा फार ताप असतो. आपण रुसून निघालो की तो हाताला धरून पानावर बसवतो आणि स्वतः तूप वाढतो.

दाजी मूळचे नातेपुत्याचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. देह असा, की पोटाच्या पलीकडे आपल्याला पाय आहेत यावर त्यांनी लग्नानंतर नुसता विश्वास ठेवला होता. अशा माणसाला पत्त्यांचा नाद लागावा, भजनाचा लागावा. यांना लागला फुटबॉलचा! उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, पण एकदा गोऱ्या शिपायांचा सामना बघून आले आणि येताना एक सिद्धान्तच घेऊन आले. चेंडूकडं बघायचं न्हाय. "चेंडूकडं बघून खेळणारा गडी म्हंजी पंगतीत पानाकडं बघून जेवणारा माणूस," ते म्हणायचे. "मान खाली घालून भात कालवत बसतो आन् लाडवाचा वाढपी म्होरं निघून जातो. नजर वाढप्यावर पायजे, भात कुटं जातोय?" आमच्या पेठेत अनवाणी खेळणाऱ्या तरुणांचा एक संघ होता. त्यात मी फुलबॅक, टांगेवाल्यांचा उस्मान गोलकीपर, आणि विणकर गल्लीतला नरसय्या पुढच्या फळीत. आम्ही बरे खेळत होतो, सुखी होतो. दाजींनी त्या सुखात उडी घेतली.

पहिला प्रयोग घागरीचा. डोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली तांब्याची घागर, पायात चेंडू, आणि सार्वजनिक नळापासून दाजींच्या स्वयंपाकघरापर्यंतची वाट. मान खाली गेली की पाणी थेट मानेवर. दाजी मागून धोतर सावरत यायचे आणि ज्याची पाठ भिजली त्याला नावं ठेवायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात घोटभर पाण्यावरून बायकांची भांडणं व्हायची त्या दिवसांत आक्काच्या घरचे रांजण कायम भरलेले. शेवटी उस्माननं घागर ओट्यावर आदळली. "दाजी, मैं गोलकीपर हूँ, मेरा चेंडू से क्या वास्ता? मैं पानी भरने नै आया!" तेवढ्यात आतून आक्काचा आवाज आला, "मधला रांजण अर्धा हाय. अजून दोन चकरा खेळा की!" तिला हसू आवरत नव्हतं. लग्नानंतर ती पहिल्यांदा हसली म्हणून दाजी इतके खुलले की घागरीचा प्रयोग त्यांनी महिनाभर लांबवला. माझी मान आजही डावीकडे नीट वळत नाही.

दुसरा प्रयोग मेंढरांचा. गावाबाहेर धनगरांचे कळप बसायचे. त्या कळपातून चेंडू घेऊन पलीकडे जायचं, आणि एकही मेंढरू बुजता कामा नये. "ह्ये इतकं सोपं हाय," दाजी म्हणाले. "मेंढराच्या डोळ्यांत बघ. ते कुटं वळणार ते आदी डोळ्यांत येतंय, मग अंगात." मी एका मेंढीच्या डोळ्यांत मन लावून बघत असताना तिच्या यजमानांनी मला मागून उडवलं. पुढचे कित्येक दिवस मी उभ्यानं जेवलो. त्यावर दाजींचा निकाल असा: "एडक्यानं फाऊल केल्याला न्हाय. तू त्याच्या जागेत गेलास." धनगर तर पोट धरून हसत होता. मी दाजींशी बोलणं टाकलं. संध्याकाळी ते वाटीभर एरंडेल घेऊन आले, खाली मान घालून माझी कंबर चोळत बसले, आणि मला नाइलाजानं बोलावं लागलं.

तिसरा प्रयोग मात्र भलत्याच धाडसाचा होता. नरसय्याच्या गल्लीत विणकर बायका लुगड्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, रस्त्यावर लांबच लांब पसरायच्या. बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या टेकूंवर, ते सूत कमरेइतकं उंच ताणायचं, त्याला कुंच्यानं खळ लावायची, आणि ओलं आहे तोवर तुटलेला धागा न् धागा जोडून घ्यायचा. खळ वाळली की सूत चिकटलं, ताणा वाया गेला. अशा दोन ताण्यांच्या मधून हातभर वाट असायची. दाजींच्या मते परमेश्वरानं ती वाट फुटबॉलसाठी ठेवली होती. गल्लीतल्या कुणी उभं केलं नाही, पण नरसय्याच्या अम्मानं परवानगी दिली. तिची अट एकच होती. "जो तोडंल, त्यानंच बसून जोडायचं. झाल्याबिगर उठायचं न्हाय." दाजींनी ती अट आम्हाला रोज वेदवाक्यासारखी ऐकवली. त्या हातभर वाटेतून चेंडू नेताना आम्ही अंग चोरून चालायचो. दोन्ही बाजूंना कुणाच्या तरी घरची भाकरी ताणलेली. हळूहळू मात्र पाय आपोआप नीट पडायला लागले, आणि नरसय्या तर त्यातून देवळात गेल्यासारखा जायचा.

मग होटगीच्या रेल्वेवाल्यांशी सामना ठरला. ते बूटवाले, आम्ही अनवाणी. आजवर त्यांच्यावर आमचा एक गोलसुद्धा झालेला नव्हता. दाजींनी अंगात वारं भरल्यासारखं केलं. घरोघर जाऊन आमंत्रणं दिली, विणकर गल्ली तर लहानथोरांसकट मैदानाकडे आधीच रवाना केली. मागं राहिली एकटी अम्मा, कारण तिचा ताणा लग्नाच्या लुगड्यांचा होता आणि खळ नुकतीच लागली होती. निघण्यापूर्वी दाजी म्हणाले, "एकदा शेवटचं जाऊन या की." आम्ही एकेक करून गेलो. धागा हलला नाही. शेवटी नरसय्या गेला तो सबंध वेळ आईच्या तोंडाकडे बघत, हसत. चेंडू त्याच्या पायापासून सुटून दाजींच्या समोर येऊन थांबला.

आणि आमच्या दाजींनी, ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता त्यांनी, आनंदाच्या भरात धोतर वर धरलं आणि किक मारली.

चेंडू ताण्यात घुसला. दोन कैच्या कोसळल्या, मधला सगळा पट्टा तटातटा तुटला आणि ओलं सूत मातीला टेकलं. अम्माच्या हातातला कुंचा तसाच राहिला. मग तिनं खाली बसून पहिलं टोक उचललं. नरसय्या गेला, आईशेजारी मांडी घातली आणि टोकं शोधायला लागला. एकट्या बाईच्या हातून ते वाळायच्या आत होणं शक्य नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दाजींनी त्याला कान धरून उठवलं. "तू जा. तोडलं मी हाय."

"दाजी, मरू द्या तो ताणा!" मी ओरडलो. मी आजही ओरडेन. वर्ष-दोन वर्षं या माणसानं एका सामन्यासाठी आमच्या माना मोडल्या, आणि तो सामना सोडून हा सूत जोडत बसणार? अम्माही म्हणाली, "तुमी जावा बाबू. होईल तेवढं मी करते."

"न्हाय अम्मा," दाजी म्हणाले, आणि मोठ्या कष्टानं जमिनीवर बसले. मग आमच्याकडे बघून खेकसले, "उभं काय ऱ्हायलाय? चला, निगा! आन् चेंडूकडं बघू नगा!"

त्या दिवशी मी जो खेळलो तो निव्वळ संतापानं. बूट लागून नडगी फुटली ते सामना संपल्यावर कळलं. गल्लीतले लोक कडेनं विचारत होते, "दाजी कुटं हायत?" आणि त्या प्रत्येक प्रश्नासरशी मी समोरच्याला आणखी जोरात भिडत होतो. अखेर अखेरीस नरसय्याला चेंडू मिळाला. बुटांच्या त्या दाटीतून तो हातभर वाट काढत गेला, आणि गोल झाला. एकच झाला, पण तेवढा पुरला.

गुलालात माखून आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ताणा उभा होता. दाजी शेवटच्या टोकांशी झटत होते, कोपरापर्यंत खळ, आणि अम्मा त्यांना रागावत होती, कारण गाठी जाड येत होत्या. शेवटची गाठ मारल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले, "गोल कसा झाला त्ये सांगा. सगळं सांगा. चेंडू कुठल्या पायावर हुता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. उस्मान पलीकडच्या टोकाला, त्याला नुसती धूळ दिसलेली. मी दाजींनी शिकवल्याप्रमाणे होटगीवाल्यांच्या पुढच्या गड्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. नरसय्या म्हणाला, "मी गोलकीपरच्या डोळ्यात बघत हुतो दाजी. पाय कुठला, म्हाईत न्हाय."

"आरं गाढवांनो," दाजी कळवळून म्हणाले, "येकानं तरी बघायचं की रं!"

पुढं दाजी नोकरी संपल्यावर अक्कलकोटला जाऊन राहिले. मी गेलो की पाणी पिऊन होण्याआधी विचारायचे, "गोल कसा झाला रं?" मी चिडायचो. म्हणायचो, तुम्ही यायला हवं होतं, लुगडी काय पुन्हा विणली असती. ते नुसती मान हलवायचे आणि वाट बघत बसायचे. मग मी सांगायचो. मला ठाऊक नव्हतं तेही सांगायचो. कधी डावा पाय, कधी उजवा. त्यांनी एकदाही अडवलं नाही.

गेल्या साली दाजी गेले. तेराव्याला पंगती उठल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली. तिला फुटबॉलचा मनापासून तिटकारा. पण म्हणाली, "तो गोल येकदा सांग की. ह्यांना सांगायचास तसा."

मी सुरुवात केली. नरसय्याला चेंडू मिळाला इथपर्यंत आलो, आणि पुढचं मला काही केल्या सांगता येईना.