खडू ओला झाला तिथे

पाणी मोजायला माणूस लागतो, हे पाणी खात्याला सहसा आठवत नसे. तरी बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी चुकून एक जागा भरली आणि मोजणीबाई नोकरीला लागल्या. दर महिन्याच्या पाच तारखेला अकरा विहिरींवर जायचं, पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायची आणि वर ओढून खडू कुठवर ओला झालाय ते बघायचं. आकडा वहीत, वही ऑफिसात आणि ऑफिस झोपेत. खात्याच्या अहवालात पाणी दरवर्षी हातभर वर येई, विहिरीत हातभर खाली जाई. दोघांची गाठ कधी पडत नसल्याने कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते त्यांच्या धाकट्या दिरांचं. फळबागेसाठी त्यांना पाच बोअर हवे होते. वस्तीबाहेरच्या मोजणीच्या विहिरीत पाणी जमिनीपासून चाळीस मीटरच्या आत लागलं तरच परवानगी, असा नियम. पाणी होतं त्रेचाळीस मीटर खोल. पाच बोअर पडले असते, तर वस्तीच्या एकुलत्या एक पिण्याच्या विहिरीने उन्हाळा संपायच्या आत मान टाकली असती.

दिरांनी आधी गोडीत सांगितलं, मग भावाकरवी, मग आईकरवी. सासूबाई म्हणाल्या, घरच्या माणसासाठी एक आकडा इकडचा तिकडे झाला तर काय आभाळ कोसळणार आहे? बाई म्हणाल्या, कोसळू दे की, निदान चार थेंब तरी पडतील.

तपासणीला मोठे साहेब आले. त्यांच्यासोबत बाटलीबंद पाण्याचे दोन खोके आले. दीर कडक इस्त्रीत हजर होते. बाईंनी टेप वर ओढली आणि बघतच राहिल्या. एकतीस! ऐन उन्हाळ्यात पाणी बारा मीटर वर. साहेबांनी खात्याच्या जलबचत मोहिमेला तिथल्या तिथे श्रेय देऊन टाकलं.

पण टेपचं ओलं टोक बोटांना कोमट लागत होतं. त्या विहिरीचं पाणी बावीस वर्षांत कधी कोमट लागलं नव्हतं. उन्हात उभ्या राहिलेल्या टँकरचं लागतं.

बाईंनी आरोप वगैरे काही केला नाही. त्यांनी खात्याचाच एक जुना नियम काढला, की शंका आल्यास तासातासाने तीन मापं घ्यावीत. तो कुणी वाचलाच नव्हता, म्हणून रद्द करायचा राहून गेला होता. साहेब सावलीत बसले. दुसरं माप पस्तीस आलं, तिसरं एकेचाळीस. दिरांची इस्त्री घामाने पार उतरली.

“पहिलंच माप धरू या,” साहेब म्हणाले. “उगाच कशाला ताणायचं?”

“धरा ना, साहेब. मी तिन्ही लिहिलीत, वेळेसकट. पहिल्यासमोर तेवढी तुमची सही द्या.”

साहेबांना सहीची भारी हौस, पण असल्या जागी नव्हे. परवानगी बारगळली आणि घरात बाईंशी बोलणं बंद झालं. नवऱ्याने जेवताना मानही वर केली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पिण्याच्या विहिरीवर रांगेत उभ्या होत्या. पंप गाळ ओकत होता. टँकर इथूनच भरले होते. लांबून पाणी आणायचा त्रास दीर कशाला घेतील? मोजणीच्या विहिरीत ओतलेलं कुठल्या भेगेत गेलं, ते भेगच जाणे. थोड्या वेळाने दीरही कॅन घेऊन बाईंच्या मागे येऊन उभे राहिले. लोक त्यांच्याकडे बघत होते आणि ते कॅनच्या झाकणाकडे.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “खाली पाणी आहे तरी किती?”

बावीस वर्षांत घरातल्या कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. बाईंना राग आला, रडूही आलं. दोन्ही गिळून त्यांनी उत्तर दिलं.

“बारा दिवसांचं, भाऊजी. परवापर्यंत वीस दिवसांचं होतं.”