किल्ल्यांच्या जुडग्यातली सही

माझी सही बरेच दिवस आमच्या मालकांच्या मोटारसायकलच्या किल्लीला लटकत होती. मी सरपंच झाले तेव्हा माझ्या नावाची डिजिटल सही आली. बोटभर लांबीची, पेनड्राइव्हसारखी वस्तू. ती कॉम्प्युटरला लावायची, ठरलेले आकडे टाकायचे, की ग्रामपंचायतीचं बिल सरपंचाच्या सहीनं मंजूर होतं. फोटोपुरती ती माझ्या हातात दिली गेली आणि कार्यक्रम आटोपल्यावर मालकांनी जुडग्यात ओवली. मोटारसायकलची किल्ली, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली, खताच्या खोलीची किल्ली आणि त्यांच्या शेजारी मी.

आमचं गाव सणसरच्या बाजूला, इंदापूर तालुक्यात. गावात मालकांना सगळे सरपंच म्हणायचे. मला वहिनी. जागा बाईसाठी राखीव झाली त्या दिवशी मालकांचा चेहरा उतरला होता, पण संध्याकाळपर्यंत त्यांना तोडगा सापडला, आणि तो तोडगा म्हणजे मी. माझ्या प्रचारात त्यांचा फोटो मोठा होता. निवडून मी आले आणि हार त्यांच्या गळ्यात पडले.

इंदापुरात आम्हा नव्या महिला सरपंचांना कॉम्प्युटरचं प्रशिक्षण ठेवलं होतं, तिथला प्रकार तर बघण्यासारखा. टेबलांवर कॉम्प्युटर, प्रत्येक कॉम्प्युटरसमोर एकेका बाईचा नवरा आणि बायका मागच्या रांगेत चहाचे कप धरून बसलेल्या. हजेरी घेताना माझं नाव पुकारलं. मालक म्हणाले, "हजर." साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. शेवटी फोटोची वेळ आली तेव्हा नवऱ्यांना उठवून बायकांना बसवलं, माउसवर हात ठेवायला सांगितलं, आणि फोटो झाल्यावर पुन्हा अदलाबदल. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता की तालुक्यातल्या महिला तंत्रज्ञानात पुढे. मी तो पेपर भाकरीच्या टोपलीत घातला.

हे सगळं मी मुकाट सोसलंही असतं. आमच्याकडं सवय असते. पण मधेच कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्तीचं पाणी आलं. म्हणजे आलंच नव्हतं, तेच तर. तिथं पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांची घरं आहेत, आता कुणी शेती करतं, कुणी कारखान्यावर जातं. खालच्या अंगाला कालव्याच्या पाण्यावर ऊस डोक्याएवढा वाढतो आणि वरच्या अंगाला प्यायचं पाणी बायका डोक्यावर वाहतात. तिथली एक म्हातारी ग्रामसभेत उठून मला म्हणाली, "बाई, तू बाईमाणूस हायस. हंडा काय असतो तुला म्हाईत हाय." ग्रामसभेनं वस्तीवर टाकी आणि नळ करायचं ठरवलं. मीही हात वर केला होता.

घरी आल्यावर मालक कंत्राटदाराशी फोनवर बोलत होते. गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभी करायची, तिला माझ्या सासऱ्यांचं नाव द्यायचं. पैसे एकाच वेळेस दोन्हींना पुरणार नव्हते. मी विचारलं, "मग टाकी?" ते म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी. तू न्हाय त्यात पडायचं." मी त्यात पडायचं नाही आणि बिलावर सही मात्र माझी. सासरे भले माणूस होते. रस्त्यानं जाताना त्यांनी कधी कुणाकडून वाकून नमस्कार घेतला नाही, आणि आता लोकांनी त्यांच्या नावाखालून वाकून जायचं. मला त्या रात्री इतका राग आला की जेवण गेलं नाही.

म्हणून मी बारामतीच्या संध्याकाळच्या क्लासला जायचं ठरवलं. मालकांना सांगितलं की तालुक्याहून सक्ती आहे, सरपंचाला कॉम्प्युटरचा दाखला लागतो. साफ खोटं होतं. पण मालक जगात एकाच गोष्टीला भितात, ती म्हणजे तालुका. त्यांनी स्वतः मला फाट्यावर सोडलं, आणि एसटीची वाट बघणाऱ्या लोकांना सांगितलं, "मिसेस कॉम्प्युटर शिकायला चालल्यात." कौतुकाची ही एक सोय असते, ते आपल्या मालकीच्या माणसाचं केलं की आपल्याच खात्यावर जमा होतं.

क्लास खताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात फवारणीच्या औषधांचा वास. बाहेर 'प्रौढांसाठी खास बॅच' अशी पाटी आणि पाटीवर एका गोऱ्या परदेशी म्हाताऱ्याचा हसरा फोटो; असला म्हातारा बारामतीत कुणी पाहिलेला नाही. आम्ही प्रौढ म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, एक डाळिंबवाले बागायतदार, दोन-तीन बायका आणि मी. सर तिशीतले. ते आमच्याशी बालवाडीच्या आवाजात बोलायचे. "हा कोण? हा माऊस. माऊस म्हणजे काय? उंदीर. घाबरायचं का उंदराला? नाही घाबरायचं." समोर बसलेल्या डाळिंबवाल्यांनी स्वतःची बाग रोगातून दोनदा बाहेर काढली होती. ते म्हणे उंदराला घाबरणार होते.

पहिला आठवडा चित्रं काढण्यात गेला. कॉम्प्युटरवर झोपडी काढायची, मागं दोन डोंगर, डोंगरांच्या मधून सूर्य, बाजूला नारळाचं झाड. इंदापूर आणि बारामतीच्या मध्ये नारळ कुठं दिसतो ते सरांनाच ठाऊक. ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते, लेकींची लग्नं आणि पाटाच्या पाण्याची पाळी, ते सगळे सूर्याला पिवळा रंग भरत बसले होते. मुख्याध्यापकांचा सूर्य सर्वांत गोल आला आणि सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मुख्याध्यापक खरोखर लाजले. आयुष्यभर पोरांना झोपडी काढायला लावलेला माणूस, त्याला त्याच्याच झोपडीत कोंडलं होतं आणि त्याला ते कळलंही नाही.

मी सरांना एकदा विचारलं, "सर, डिजिटल सही कशी वापरायची ते कधी शिकवणार?"

"मॅडम, ते आपल्या कोर्सला नाही."

"मग कोर्सला काय हाय?"

"पुढं आपण वाढदिवसाचं कार्ड करणार आहोत."

आम्ही वाढदिवसाचं कार्ड केलं. त्यावर फुगे होते.

पण एक गोष्ट त्या क्लासनं मला शिकवली, आणि तीही सरांच्या मूर्खपणातून. सर्वांचे ई-मेल उघडायचा दिवस होता. प्रत्येक जण आपापला पासवर्ड विसरेल म्हणून सरांनी सर्वांना एकच पासवर्ड ठेवायला लावला आणि तो पांढऱ्या फळ्यावर हातभर अक्षरांत लिहिला. चुकून पक्क्या शाईच्या पेननं. पुसता येईना. खालचा खतवाला, चहावाला, वर येणारा प्रत्येक माणूस आमचा पासवर्ड वाचून जायचा. मग सरांनी घाईघाईनं सगळ्यांना पासवर्ड बदलायला शिकवलं. आधी जुना टाकायचा, मग नवा, मग परत एकदा नवा. मी ते तिथल्या तिथं तीन वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी सर म्हणाले, "मॅडम, पुरे." पण मला कळलं होतं की जुना माहीत असेल तर नवा आपला असतो.

आणि सहीचा जुना नंबर मला माहीत होता. आमच्याकडच्या पुरुषांची एक रीत आहे. गाडीचा नंबर पसंतीचा घ्यायचा, मोबाईलचा शेवट तोच असावा म्हणून दुकानदाराच्या पाया पडायचं, दाराच्या पाटीवर तोच रंगवायचा, ट्रॅक्टरच्या मागं तोच. त्यात लपवण्यासारखं काही नसतं, मिरवायचं असतं. मालकांचाही एक नंबर होता आणि तो अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होता. सहीला त्यांनी दुसरा कुठला ठेवला असेल? दुसरा नंबर ठेवणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटला असता.

एका संध्याकाळी ते बावड्याला लग्नाला गेले, मित्राच्या गाडीतून. जुडगं खिळ्यावर राहिलं. मी ते पिशवीत घालून एसटीनं बारामती गाठली. क्लासात सही कॉम्प्युटरला लावली तसे सर धावत आले.

"मॅडम, बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही. व्हायरस येतो."

मी म्हणाले, "सर, हा पेनड्राइव्ह न्हाय. ही माझी सही हाय. आजवर मलाच लावू दिली न्हाय कुणी."

सर हाताची घडी घालून मागं उभे राहिले, अडवलं मात्र नाही. पडद्यावर एक चौकोन आला, त्यात बदलण्याची सोय शोधायला थोडा वेळ लागला. जुना नंबर विचारला. मी मालकांचा नंबर टाकला. पहिल्याच फटक्यात घेतला. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, स्वतःबद्दल. इतकं सोपं होतं आणि मी किती दिवस जुडग्याकडं बघत बसले होते. मग नवा टाकला, परत एकदा नवा. तो कुठल्या गाडीवर नाही, कुठल्या दारावर नाही. रात्री जुडगं खिळ्यावर परत गेलं.

काही दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई मला बोलवायला आला. मी मेथी निवडत होते. ऑफिसात कंत्राटदार, ग्रामसेवक, ऑपरेटर आणि मालक असे चौघे कॉम्प्युटरभोवती जमले होते. पडद्यावर कमानीचं बिल होतं, काम सुरू व्हायच्या आधीच काढलेलं. मालकांनी त्यांचा लाडका नंबर टाकून पाहिला होता, पुन्हा टाकला होता, मग थोरल्या मुलाची जन्मतारीखही टाकून झाली होती.

ऑपरेटर म्हणाला, "वहिनी, आता पुन्यांदा चुकलं की लॉक व्हईल. मग तालुक्याला जावं लागंल."

तालुक्याचं नाव निघताच मालकांच्या कपाळावर घाम आला. मला हळू आवाजात म्हणाले, "नंबर बदलला का गं कुणी?"

"व्हय. मी."

"काय हाय?"

"आधी वस्तीच्या टाकीचं काढा. ठराव हाय, कामाचा आदेश न्हाय. त्यो काढा, काम होऊ द्या, मग त्याच्या बिलावर मी सही करते."

कंत्राटदार हसला. त्याला वाटलं नवरा-बायकोचं आहे, घरी मिटेल. घरी मिटलं नाही. मालक बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि खरं सांगते, त्या दिवसांत घर फार छान होतं. कमानीचं बिल तसंच पडून राहिलं. ग्रामसेवकांना वर्षअखेरीची घाई होती, खर्च दाखवायचा होता. त्यांनीच मालकांना समजावलं. टाकीचा आदेश निघाला. काम झालं. बिलाच्या दिवशी मी ऑफिसात गेले, मालकांनी जुडग्यातून सही काढून टेबलावर ठेवली आणि खिडकीकडं तोंड केलं. मी नंबर टाकला. तेवढ्यापुरतं कॉम्प्युटर मला वाकून नमस्कार करतोय असं वाटलं, एवढा फाजीलपणा माझ्यातही आहे.

नळाच्या उद्घाटनाला वस्तीवर मंडप घातला. फ्लेक्सवर मालक, हात जोडून, माणसाएवढे. त्यांच्या गुडघ्याजवळ माझा फोटो, लग्नातला, कारण दुसरा त्यांना सापडला नव्हता म्हणे. नळ त्यांनी सोडला. भाषणात म्हणाले, "ह्या कामावर मी सोता सही केली." टाळ्या पडल्या. ऑपरेटर जमिनीकडं बघत होता. ग्रामसभेत मला हंड्याबद्दल सुनावणारी म्हातारी पुढं आली, तिनं मालकांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांच्या पाया पडली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "नशीब काढलंस बाई. असा नवरा मिळाया भाग्य लागतं."

मला तिचा राग आला. मालकांचा तर आलाच, पण तिचाही आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पाणी आलं होतं, चांगलं जोरात येत होतं. पोरं त्याखाली उभी राहून भिजत होती. तेवढं बघून मी घरी आले.

त्या संध्याकाळी मी पीठ मळत होते. मालक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सवय नव्हती, त्यामुळं कुठं उभं राहावं ते त्यांना कळेना. चौकटीला हात लावला, काढला.

"कमानीची फाईल पडून हाय," ते म्हणाले. मग पुन्हा चौकटीला हात लावून, "तुझा काय इचार हाय?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला त्यांनी पहिल्यांदा विचारला. दोन्ही लेकींची लग्नं ठरली तेव्हा नाही. जमिनीचा तुकडा विकला तेव्हा नाही. माझं ऑपरेशन करायचं की नाही हे ठरलं तेव्हाही नाही. कमानीसाठी विचारला.

खरं म्हणजे टाकी झाल्यावर कमानीचं पुढं काय करायचं, याचा मी काहीच विचार केलेला नव्हता. तरी "न्हाय" म्हणाले, आणि पीठ मळत राहिले.