वेरिबीच्या जेटीवर बाबांचा गळ

बाबा सत्तरीच्या पुढे गेलेत याचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. "बाबा, तुम्ही फुकट!" मी लॅपटॉपसमोरून ओरडले. बाबा स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर बसून चहा पीत होते. कपातला निम्मा चहा बशीत सांडला.

तेव्हा मेलबर्नमध्ये आमच्यासारख्या विद्यार्थ्यांचा नुसता सुळसुळाट होता. वेरिबीच्या त्या घरात आम्ही सहा मुली राहायचो, आणि फ्रिजमधल्या कप्प्यांवरून रोज भांडायचो. माझ्या पदवीदानासाठी बाबा एकटेच रत्नागिरीहून आले होते. समारंभ झाला, सिटी बघून झाली, आणि मग त्यांनी एकच धोशा लावला, "इथे समुद्र आहे ना? मग गरवायला कधी जायचं?"

इथे गळ टाकायलाही लायसन्स लागतं म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. समुद्र काय यांच्या काकाचा आहे, म्हणाले. मग मी नियम वाचायला बसले. अठराच्या आतल्यांना, सत्तरीच्या पुढच्यांना आणि सरकारी सवलतीचं कार्ड असणाऱ्यांना लायसन्स माफ होतं. माझ्या युनिव्हर्सिटीच्या कार्डाला तिथे कुणी विचारत नव्हतं.

"मी माझं काढते," मी म्हटलं.

"तुला कशाला? तू बस बघत."

अंगाचा तिळपापड झाला! हेच वाक्य ऐकत मी मोठी झाले होते. आमच्या खाडीवर गळाची दोरी दादाच्या हातात आणि आमिषाचा डबा माझ्या मांडीवर, हे ठरलेलं. एकदाच, फक्त एकदाच बाबांनी आपल्या हाताने माझ्या हातात दोरी द्यावी, एवढंच मला हवं होतं. रागाच्या भरात मी लायसन्स काढलंच नाही. पण ते परवा परत जाणार होते. म्हटलं, कुणी बघत नसताना घेऊच जरा रॉड हातात.

हाउसमेटचा रॉड आणि आमिषाला डबाभर माकूल घेऊन आम्ही दुपारी जेटीवर पोचलो. बाबांनी गळ टाकला आणि पाचच मिनिटांत लायसन्स तपासणीवाला हजर! त्याने बाबांचा पासपोर्ट बघितला, हसला, मग माझ्याकडे वळला. "यू फिशिंग टू?"

"नो, जस्ट वॉचिंग."

"नो वरीज. जस्ट कीप युअर हँड्स ऑफ द रॉड, यस?"

आणि गेला असता तर बरं. तो शेजारच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत तिथेच उभा राहिला. झाला माझ्या बेताचा बट्ट्याबोळ. मी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात कोंबले आणि धुमसत बसले.

तेवढ्यात रॉड वाकला. वाकला म्हणजे काय, टोक पाण्यालाच टेकायला आलं! बाबा ताडकन उभे राहिले. आयुष्यभर हातातल्या दोरीने गरवलेला माणूस, त्यांना ते रीळ उलटसुलट कसंही फिरवता येईना. मासा ओढतोय, बाबांच्या चपला ओल्या फळ्यांवरून सरकतायत, आणि खाली पाण्यात काहीतरी लालसर झळकलं.

"तांबोशी! अगो, तांबोशी! बाय, धर! रॉड धर लवकर!"

जन्मभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य. आणि तपासणीवाला चार हातांवर.

"मला हात लावता येत नाही, बाबा!"

"कोण म्हणतो?"

"सरकार!"

"खड्ड्यात गेलं सरकार! धर!"

त्यांची चप्पल आणखी सरकली. रॉडला हात लावायचा नव्हता, बाबांना धरू नको असं कुणी सांगितलं होतं? मी मागून त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली आणि पाय रोवले. लहानपणानंतर पहिल्यांदाच मी त्यांना अशी बिलगत होते. स्वेटरमधून त्यांच्या छातीची धडधड कळत होती. "हळू बाबा, आता ओढा! सोडा! ओढा!" मी त्यांच्या पाठीला गाल लावून किंचाळत होते, आणि ते चक्क माझं ऐकत होते.

मासा वर आला. गुलाबी, चमचमता, फळ्यांवर थाडथाड उडणारा. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. तपासणीवाला माप घेऊन आला, मासा मोजला, मापात बसतो म्हणाला आणि सहज विचारलं, "हू कॉट इट?"

बाबांनी छाती फुगवली. "बोथ. मी अँड माय डॉटर."

"नो, नो! ओन्ली हिम! आय डिडन्ट टच इट!"

"आय नो, मेट, आय वॉज वॉचिंग," तो हसत म्हणाला.

बाबांना माझ्या नकाराचा रागच आला. "बोथ," त्यांनी त्याला पुन्हा बजावून सांगितलं.