स्टिकरवरचा अंगठा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी उचगावच्या अक्कांचं नाव घेतो. अक्का जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतात. समोर लॅपटॉप आला की झाकण उघडून त्या आधी त्याच्या आय-फाईव्ह, आय-सेव्हन छापलेल्या स्टिकरवर अंगठा ठेवतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, "हे कपाळावरचं गंध हाय, पावणं. आतला नंबर वाचा."

आतल्या प्रोसेसरचा नंबर कसा वाचायचा, हे त्या येईल त्याला शिकवतात. "आय-फाईव्ह, आय-सेव्हन हे झालं घराणं. पिढी त्याच्या फुडच्या आकड्यात असती. चार आकडी नंबर आठनं सुरू झाला तर आठवी. पाच आकडी असला तर पहिलं दोन आकडं बघायचं. आन् शेवटचं अक्षर सोडायचं न्हाय. यू म्हंजे बॅटरी वाचवणारा, एच म्हंजे ताकदीचा." गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "अक्का, चांगला कुठला तेवढं सांगा की," तर त्या उलट विचारतात, "कशाला पायजे? बिलं टायपायला का शिनेमा कापायला?"

मी कबनूरचा. वडील यंत्रमागावर कामाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा बाबा कुणालाही न विचारता एक जुना लॅपटॉप घेऊन आले. "दुकानवाला फाईव्हवाला दावत हुता, मी सेव्हनवाला घेतला," असं ते शेजारपाजारी महिनाभर सांगत होते. रोज माझं काम झालं की धुतलेल्या टॉवेलात तो स्वतः गुंडाळून ठेवत.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला. मित्रांच्या लॅपटॉपवर आकडेमोड चहा पिऊन येईपर्यंत व्हायची. माझा पडदा गोठायचा. आय-सेव्हन असून जमत नाही म्हणजे चूक माझीच, असं मी धरून चाललो. शेवटी कॉलेज सोडून मागावर जायचं ठरवलं आणि घरी न सांगता लॅपटॉप विकायला अक्कांकडे गेलो.

अक्कांनी स्टिकरवर अंगठा ठेवला. मी नंबर वाचला : ४५००, पुढे यू.

"चौथी पिढी. इकतोस कशापायी?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेजारी ओरखडे पडलेला एक आय-फाईव्ह मांडला, नंबर ८२५०, पुढे यूच. माझीच फाइल दोन्हींवर एकदम सुरू केली आणि मोबाईलवर वेळ लावली. दोन मशीन भिडवल्याशिवाय अक्का कधीच निकाल देत नाहीत. त्यांचा आय-फाईव्ह मोकळा झाला तेव्हा माझं काम निम्म्यावरही आलं नव्हतं.

"बघितलास? ह्याच्यात चार कोर, म्हंजे काम वढणारं चार बैल हायत; तुझ्यात दोन. मंद तू न्हाईस. उगं डोक्याला दोष दिऊ नकोस."

मला रडू आलं. अक्का स्क्रू ड्रायव्हर पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "झालं असंल रडून तर ऐक. हे इकायचं न्हाय. दर रविवारी येत जा, फाइल हितल्या मशीनवर चालीव."

"आणि बाबांना काय सांगू?"

"काय सांगू नकोस. त्यांचं माझ्यावर सोड."

मी प्रोजेक्ट संपेपर्यंत एकही रविवार चुकवला नाही. पदवी मिळाली, पुण्यात नोकरी लागली.

अक्का मोबाईलवरचे मोठे निरोप वाचत नाहीत. "लांबडं असंल तर कागदावर लिही," म्हणतात. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना हे पत्र पाठवलं.

"आदरणीय अक्का,

परवा बाबा पुण्याला आले होते. नवा लॅपटॉप घ्यायला त्यांना मुद्दाम सोबत नेलं. दुकानातला विक्रेता स्टिकर दाखवून भराभरा बोलत होता. बाबांनी चष्मा लावला, स्टिकरवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, 'आतला नंबर वाचा, पावणं.'

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते माझ्याकडे बघेनात. एवढी वर्षं मी त्यांना काही सांगितलं नाही आणि त्यांनी मला.

जुना लॅपटॉप अजून घरी टॉवेलात आहे. दिवाळीत आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. तुम्ही त्यांना कधी आणि कसं सांगितलंत, ते विचारणार नाही.

आपला,
रविवारवाला"